शिफारस सातबाऱ्याला, लावणी बायकांना

कोकणातला शेतकरी आडमुठा आहे, सांगितलेलं ऐकत नाही, हे मी लग्न होऊन शिवथरला आले तेव्हापासून ऐकते आहे. मग भाताच्या जया, रत्ना आणि पुढे कर्जतच्या संशोधन केंद्रातून आलेल्या जाती आमच्या खाचरात शिरल्या कशा? कुणी सक्ती केली नव्हती. शेजारणीच्या शेतात लोंबी भरलेली दिसली की पुढच्या मिरगाला तेच बियाणं आपल्या घरी. बियाणं बदलायला कुणाला विचारावं लागत नाही, पिशवी आणली की झालं. जे एकट्या माणसाला जमतं ते आम्ही केव्हाच उचललं. अडलंय ते दहाजणांच्या होकारावर चालणारं काम.

चारसूत्री भातलागवडीचं घ्या. डॉ. एन. के. सावंतांची ही पद्धत आमच्यासारख्या पावसाला योग्यच आहे. राबात, म्हणजे रोपवाटिकेत, तुसाची राख, चिखलात गिरिपुष्पाचा पाला, दोरीवर 15 आणि 25 सेंटिमीटरचं आलटून-पालटून अंतर, आणि लावणीच्या दिवशीच चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल. खोल गोळीचं मोल आम्हाला कुणी शिकवायला नको. आमच्या खाचरांचं पाणी एकातून दुसऱ्यात उतरतं. वरून फेकलेला युरिया एका जोराच्या सरीत खालच्या चुलत दिरांच्या शेतात जातो. त्यांचं भात दरसाल माझ्यापेक्षा हिरवं असतं, ते का, हे त्यांनाही ठाऊक आहे.

पण गोळ्या गुंठ्याला 625. एकराला पंचवीस हजार वेळा वाकून बोटाने दाबायच्या. कुणी? लावणी आमच्याकडे पैऱ्याने होते. आज शेजारणी माझ्याकडे, उद्या मी त्यांच्याकडे. पुरुष महाडच्या एमआयडीसीत पाळीवर नाहीतर मुंबईत. आवण, म्हणजे राबातलं रोप, वयात आलं की थांबत नाही, आणि पाऊस उघडला तर सगळ्यांनाच त्याच दिवशी चिखलणी हवी असते. मी दोरी काढली तेव्हा पैऱ्यातली थोरली जाऊ म्हणाली, “अगं, दोरी धरत बसलो तर माझं शेत कवा लावायचं?” तिचं बरोबरच होतं. माझं वाढीव पीक तिच्या आवणाच्या जिवावर का यावं?

पैऱ्यातल्या बायकांना ती दोरी आधी कुणी हातात दिलीच नव्हती. प्रशिक्षण होतं ते ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे त्याचं. तो सही करतो, चहा घेतो, किटची पिशवी आणतो. रोप चिखलात खोचणारे हात तेव्हा कुठेतरी कवळ तोडत असतात. सातबाऱ्यावर तर आमच्या घरी अजून आजेसासऱ्यांचं नाव आहे, खाली वारसांची रांग, निम्मे परळ-डोंबिवलीला. योजनेचा ऑनलाइन अर्ज भरायचा तर संमती त्यांची हवी.

राब भाजू नका, हीही शिफारसच. धूर होतो, झाडांच्या फांद्या जातात, मान्य. पण भाजलेल्या जागेत तणाचं बी जळतं आणि आवण अलगद उपटतं. राब भाजणं बंद केलं तर बेणणीच्या वाढीव दिवसांचा हिशेब कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांच्या सगुणा पद्धतीत चिखलणी आणि लावणीच नाही, तिने पैऱ्याचा प्रश्न सुटेल असं मलाही वाटतं. पण तण आवरायला त्यात तणनाशक लागतं, आणि आमच्या खाचराचं पाणी शेवटी ओहोळालाच मिळतं.

आणि दुबार पीक. भात कापल्यावर ओलीवर कडवा वाल उत्तम येतो, पूर्वी यायचाही. पण कापणी झाली की गुरं मोकाट सोडायची वहिवाट. एकटीने वाल पेरला तर तो वाडीच्या गुरांचा चारा. गुरांतून उरलं तर रानडुकरं आहेतच. कुंपणाचा खर्च वालाच्या दामात कसा निघायचा?

म्हणून माझं म्हणणं, शिफारस शेतकऱ्याला करूच नका, वाडीला करा. पैऱ्याच्या टोळीला धरा, बायकांना लावणीच्या आधी एखाद्या खाचरात दोरीवर हात बसवू द्या, आणि त्या दिवसाची मजुरी द्या. पहिल्या वर्षी लावणी लांबली तर तो वेळ कोण भरून देणार तेही आधी ठरवा. गोळ्या बिरवाडीच्या दुकानात जूनअखेर हव्यात. फार आधी आणून घरी ठेवल्या तर पावसाळी हवेत ओल धरून त्यांचा गोळा होतो, आणि श्रावणात आल्या तर लावणी उरकलेली असते. गुरं कधी सोडायची हे ग्रामसभेत ठरवा, वाल निघेपर्यंत राखण्या लावा. राखण्याचा पगार कुठल्या योजनेत बसतो, हे साहेबांनी शोधावं. आम्ही घरटी दोन पायली वाल त्याला द्यायला तयार आहोत.