बालमन आणि तालुक्याचा दवाखाना

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लेकराला घेऊन आलेली आई डॉक्टरांना जे सांगते, त्यात 'मन' हा शब्द सहसा नसतो. लेकराचे पोट सारखे दुखते, ते रात्री दचकून उठते, आठ वर्षांचे झाले तरी अंथरूण ओले करते, शाळेचे नाव काढले की त्याला ओकारी येते, बाप गेल्यापासून ते कोणाशी बोलेनासे झाले आहे, अशा तिच्या तक्रारी असतात. डॉक्टर पोट तपासतात, जंताचे औषध देतात, एखादे टॉनिक लिहून देतात. रांग मोठी असते आणि वेळ थोडा. गुण आला नाही म्हणजे दुसरा डॉक्टर, तिथेही उतार पडला नाही म्हणजे अंगारा आणि गंडादोरा, असा हा प्रवास चालतो. त्यात दोन-तीन वर्षे सहज निघून जातात आणि तेवढ्यात मुलाची शाळा सुटलेली असते. दोष आईचा नाही, आणि एकट्या डॉक्टरचाही नाही. मुलाच्या शरीराची दारे आणि मनाची दारे शासनाने वेगवेगळ्या इमारतींना बसविली, हे या दुखण्याचे मूळ आहे.

चांदूर रेल्वेचे उदाहरण घेतले तर हा प्रश्न स्पष्ट होतो. नागपूर-भुसावळ लोहमार्गावरचे हे तालुक्याचे ठिकाण अमरावतीपासून तीसेक किलोमीटरवर आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर जगणारा हा मुलूख. येथील मुलाला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावयाचे तर अमरावती गाठावी लागते. आणि शासनाची जी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत, त्यांपैकी जवळचे म्हणजे नागपूर. तीस किलोमीटर हे अंतर नकाशावर मोठे नाही. परंतु रोजमजुरी करणाऱ्या आईच्या दृष्टीने ते एका दिवसाच्या मजुरीचे, एस.टी.च्या दोन तिकिटांचे आणि 'पोराला कुठं नेलं होतं?' या शेजारणीच्या प्रश्नाचे अंतर असते. एकदाच जावयाचे असते तर तीही गोष्ट निभली असती. पण मनाच्या उपचाराला पुनःपुन्हा जावे लागते आणि तिथेच घोडे पेंड खाते.

वऱ्हाडात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर केली, त्यांत अमरावती व अकोला होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर तेव्हापासून पुष्कळ लिहिले, बोलले गेले. कर्ज, पाऊस, कापसाचा भाव आणि मदतीची रक्कम यांचे हिशेब मांडले गेले. ज्या घरातला कर्ता गेला त्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलाच्या मनाचे काय झाले, हा रकाना मात्र कोणत्याच हिशेबात नव्हता. पुढे २०१५ मध्ये राज्य शासनाने चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला व आशा कार्यकर्तींच्या मदतीने खचलेल्या शेतकऱ्यांचा शोध घेण्याचे ठरविले. हे पाऊल योग्य होते. पण त्याची नजर प्रौढांवर होती.

प्रश्न किती मोठा आहे? बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. त्या पाहणीतील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी तेच प्रमाण धरले तर पाचशे विद्यार्थ्यांच्या हायस्कुलात अशी सुमारे छत्तीस मुले निघतील. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांत पहिला क्रमांक महाराष्ट्राचा होता. उलट, देशात लोकसंख्येच्या दर लाखामागे एक मनोविकारतज्ज्ञही भरत नाही. हे प्रमाण ०.७५ इतके सांगितले जाते. मुलांचे तज्ज्ञ त्याहूनही विरळा. तेव्हा प्रत्येक तालुक्याला एक बालमनोविकारतज्ज्ञ मिळेल आणि मग प्रश्न सुटेल, असे म्हणत बसणे म्हणजे आणखी एक पिढी वाट पाहणे होय.

कायद्याची वाण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १८ प्रत्येकाला या सेवेचा हक्क देते. ही सेवा प्राथमिक पातळीपासून सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळावी आणि बालकांसाठी तिची तरतूद असावी, असेही ते सांगते. योजनांचीही वाण नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला व १९९६ पासून त्याची जिल्हा शाखा आली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याची फिरती पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांना एकदा तपासतात. पथकाने शोधावयाच्या तीस व्याधींच्या यादीत स्वमग्नता, अध्ययनातील अडचण आणि अतिचंचलता यांचा समावेश आहे. किशोरवयीनांसाठी २०१४ मध्ये तिसरा कार्यक्रम आला. त्याच्या सहा विषयांपैकी मानसिक आरोग्य हा एक आहे.

मग अडते कोठे? अडते ते या तीन दारांच्या मधल्या ओसरीत. बाल स्वास्थ्य पथक मूल शोधते आणि चिठ्ठी देऊन जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठविते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे तज्ज्ञ जिल्ह्याच्या रुग्णालयात बसतात. किशोरवयीनांचा समुपदेशक तिसऱ्याच विभागाला जबाबदार असतो. शिवाय पथकाच्या यादीत वाढीचे दोष आहेत. भीती आणि खिन्नता तीत नाहीत. बापाच्या मृत्यूनंतर मुका झालेला मुलगा पथकापुढे उभा राहिला, तरी वजन, दात आणि डोळे ठीक असल्याची नोंद होऊन तो वर्गात परत जाऊ शकतो. ज्या एका माणसाशी मुलाची गाठ जन्मापासून वारंवार पडते, तो लस देणारा, ताप उतरविणारा तालुक्याचा डॉक्टर मात्र या सर्व साखळीच्या बाहेर राहतो.

म्हणूनच ही सेवा त्याच्याच खोलीशेजारी नेली पाहिजे. हा विचार हवेतला नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००४ पासून अशी सोय केली की, सामान्य बालरोगतज्ज्ञाने फोन करावा आणि बालमनोविकारतज्ज्ञाने त्याच दिवशी सल्ला द्यावा. मूल आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडेच राहते. तज्ज्ञाचे ज्ञान तेवढे प्रवास करते. पण इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतील थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात अर्भकाचे आजार ओळखून उपचार करण्यास शिकविले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. खुद्द अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' या उपक्रमाने गावपातळीवरचे कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक आणि फिरता मनोविकारतज्ज्ञ अशी साखळी उभी केली. खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते काम प्रौढांसाठी होते. पण जी रीत वऱ्हाडातल्या बापाला लागू पडली, ती त्याच्या लेकरासाठी वापरून पाहण्यास कोणाची हरकत असावी?

यासाठी लागणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. लसीच्या व तपासणीच्या कार्डावर झोप, खेळ, बोलणे आणि शाळा यांविषयी चार साधे प्रश्न असावेत. ग्रामीण रुग्णालयात मुलांच्या तपासणीच्या खोलीला लागूनच एक प्रशिक्षित परिचारिका किंवा समुपदेशक ठरलेल्या दिवशी बसावा. जिल्ह्याच्या तज्ज्ञाने पंधरवड्यातून एकदा तालुक्याला यावे आणि एरवी फोनवर उपलब्ध असावे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलिमानस' या १४४१६ क्रमांकाच्या सेवेचा या कामी उपयोग करता येईल. आणि आलेले मूल पुन्हा आले की नाही, याची नोंद एकाच वहीत, एकाच माणसाच्या जबाबदारीवर असावी.

यावर आक्षेप येतील, आणि ते टाकाऊ नाहीत. डॉक्टरला तापाचे रुग्ण आटोपत नाहीत, त्यात हे नवे ओझे कशाला, हा पहिला. पण तीच पोटदुखी घेऊन सहा वेळा येणारे मूलही त्याच रांगेत उभे असते. त्याचे खरे दुखणे एकदा कळले तर रांग कमीच होईल. खोड्या करणाऱ्या प्रत्येक मुलाला रोगी ठरवून गोळ्या दिल्या जातील, हा दुसरा. ही भीती रास्त आहे, म्हणूनच सल्ला तज्ज्ञाचा हवा आणि औषधाआधी पालकांशी बोलणे हवे. अशा बहुतेक मुलांना गोळीपेक्षा समजूत आणि शाळेची थोडी सवलत यांचीच गरज असते. तिसरा आक्षेप लोकलाजेचा. 'वेड्यांच्या डॉक्टरकडे' जावयाचे नाव काढताच घर दार लावून घेते, हे खरे आहे. परंतु त्याचे उत्तर या योजनेतच आहे. सर्दी-खोकल्याचे मूल ज्या दारातून आत जाते त्याच दारातून हे मूल गेले, तर बोट दाखविणार कोण? नव्या पदांच्या पैशाचा प्रश्न उरतो. तो खरा आहे. आणि मंजूर पद व भरलेले पद यांतील अंतर मिटल्याखेरीज वरील सर्व कागदावरच राहील, हेही तितकेच खरे.

शिक्षकांचा भाग येथे येतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थेने समुपदेशक नेमावयाचा आहे. त्याहून लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी नाते जोडावयाचे आहे. जिल्हा परिषदेच्या अनेक खेड्यांतील शाळा लहान आहेत. त्यांनी नाते जोडावयाचे ते कोणाशी? तालुक्याच्या दवाखान्यात कोणी बसलेच नसेल तर निर्देशाचे पालन एका पत्रापुरते होईल. गुरुजींनी निदान करावे अशी अपेक्षा नाही. मागच्या बाकावर गप्प झालेला मुलगा त्यांना सर्वांत आधी दिसतो. त्याला कोठे पाठवावे हे त्यांना ठाऊक असावे, एवढेच.

एके काळी लस ही शहरातील गोष्ट होती. आज ती अंगणवाडीत मिळते आणि आई तिची तारीख लक्षात ठेवते. मुलाच्या मनाची विचारपूस त्याच पंगतीत यावयास हवी. चांदूर रेल्वेच्या आईने अमरावतीची गाडी पकडावी की अमरावतीच्या तज्ज्ञाने पंधरवड्याला चांदूरची, एवढाच खरा प्रश्न आहे. आजवर गाडी आईनेच पकडली, आणि जिला ती पकडता आली नाही तिच्या लेकराची नोंद कोणत्याही वहीत नाही.