पांदणीला विचारून टायर घ्यावा

उंच, दणकट एसयूव्हीचा सोस आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. भंडारा, तुमसर, साकोली येथील सधन शेतकऱ्यांच्या, कंत्राटदारांच्या आणि नोकरदारांच्या अंगणांतही तो येऊन स्थिरावला आहे, आणि गाडी दारात येऊन चार महिने लोटतात न लोटतात तोच कारखान्याने दिलेले टायर उतरवून मडगार्डाबाहेर डोकावणारे रुंद टायर चढविण्याची एक प्रथाच पडत चालली आहे. हौसेला मोल नसते, हे मान्य. परंतु ‘आडवाटेला गाडी अडू नये म्हणून’ असे जे कारण या खर्चासाठी पुढे केले जाते, ते आपल्या जिल्ह्याच्या मातीपुढे टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

टायरच्या कडेवर कोरलेला आकडा वाचता आला, तर निम्मा प्रश्न दुकानातच सुटतो. ‘२४५/७५ आर १६’ याचा अर्थ टायरची रुंदी २४५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या शेकडा ७५, बांधणी रेडियल आणि रिमचा व्यास १६ इंच. २०२० साली आलेल्या नव्या थारच्या साध्या प्रकाराला हा टायर होता, तर महागड्या प्रकाराला २५५/६५ आर १८. हिशेब मांडून पाहिला तर दोन्ही चाकांच्या एकूण उंचीत जेमतेम १५ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि आस त्याच्या निम्म्यानेच, म्हणजे साडेसात मिलिमीटरने, वर जातो. उलट साध्या प्रकाराच्या टायरची कड मात्र १८ मिलिमीटरने अधिक उंच भरते. खड्ड्याचा आघात सोसते, दगडाला लवते आणि हवा कमी केली असता जमिनीला बिलगते ती ही कडच. दिमाखासाठी अधिक पैसे मोजणारा मनुष्य आडवाटेच्या दृष्टीने कित्येकदा कमी उपयोगाचे चाक विकत घेतो, ते असे.

आता माती पाहू. भंडारा हा धानाचा आणि तलावांचा मुलूख. रोवणीपूर्वी बांधीत वर्षानुवर्षे जी चिखलणी होते, तिच्यामुळे वरचा थर लोण्यासारखा मऊ आणि नांगराच्या तळाखालचा थर घट्ट होऊन बसतो. आणि ट्रॅक्टरच्या व बैलगाड्यांच्या चाकांनी तोच चिखल पांदणीवर आणून पसरलेला असतो, ज्याच्या खाली बहुधा मुरूम किंवा दबलेली माती असते. अशा ठिकाणी अरुंद व उंच चाक वरचा चिखल कापीत खालच्या कठीण तळावर टेकते आणि गाडी पुढे काढते. रुंद चाक मात्र त्या चिखलावर तरंगू पाहते, घसरते आणि आडवे होते. चाकाच्या खाचा जवळजवळ असतील तर चिकणमाती त्यांत इतकी गच्च बसते की दहा-वीस हातांच्या आतच नवा टायर गुळगुळीत लाटण्यासारखा दिसू लागतो. म्हणून खाचा खोल आणि मोकळ्या असाव्यात, म्हणजे फिरता फिरता चाक स्वतःच माती झटकून टाकते. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपचे टायर अवघे सहा इंच रुंद होते, आणि युरोपच्या चिखलातून ती जीप त्याच टायरांवर धावली.

वैनगंगेच्या पात्रातील वाळूत रुंद टायर सरस ठरतो, असा आक्षेप येईल, आणि तो तत्त्वतः खराही आहे. परंतु वाळूसाठी नवे टायर घेण्याची आवश्यकता नसते. रस्त्यावर ३२ पौंड असलेली हवा १८-२० पौंडांवर आणली की टायरचा जमिनीवरचा ठसा लांब होतो आणि बहुतेक काम भागते. मात्र पवनीकडून परतताना पक्क्या रस्त्याला लागण्यापूर्वी ती हवा पुन्हा भरलीच पाहिजे, कारण मे महिन्यातील तापल्या डांबरावर कमी हवेचा टायर वेगाने पळविणे म्हणजे तो फुटण्याला आमंत्रण देणे होय. हवा भरण्याचा एक लहानसा पंप आणि दाब मोजण्याचे साधन यांची किंमत चार रुंद टायरांच्या किमतीपुढे नगण्य आहे.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील नोंद विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ मनाई करते, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा कडक अर्थ लावला आहे. शिवाय चाक शेकडा पाचाने मोठे केले की काटा ८० दाखवीत असताना गाडी ८४ ने धावत असते, ब्रेकवर भार वाढतो आणि अपघातानंतर विमा कंपनीला हरकत घ्यायला सबब मिळते, ती वेगळीच.

या सर्वांहून महत्त्वाचा मुद्दा पांदणीच्या मालकीचा आहे. आपल्याकडे मालगुजारीच्या काळापासून वहिवाटीचे, पाण्याचे आणि मासेमारीचे हक्क वाजिब-उल-अर्जात नोंदविण्याची रीत आहे, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ नेही ती कायम ठेवली. पांदण ही अशी सामाईक वाट आहे. ऐन पावसाळ्यात केवळ कर्तबगारी अजमावण्यासाठी तिच्यावर चाके गरागरा फिरवून गुडघाभर घळी पाडल्या, तर दुसऱ्या दिवशी रोवणीची पऱ्हे घेऊन निघालेल्या शेतकऱ्याची बैलगाडी त्याच घळीत रुतते. गाडीवाला तोवर घरी पोचून चाके धूत असतो. कोका अभयारण्यात किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात तर ठरलेली वाट सोडून गाडी घालण्याचा विचारही कोणी करू नये.

तेव्हा ज्याला या जिल्ह्यात आडवाटेने खरोखरच जावे लागते, त्याने उत्पादकाने मान्य केलेल्या आकारांपैकी लहान रिमचा आणि उंच कडेचा टायर निवडावा, खाचा मोकळ्या घ्याव्यात, हवेचा पंप जवळ बाळगावा आणि मुसळधार पावसानंतर दोन दिवस पांदणीला विश्रांती द्यावी. ज्याला केवळ बसस्थानकाच्या चौकात मिरवायचे आहे, त्याने रुंद टायर खुशाल घ्यावेत. फक्त ते घेऊन कोणाच्या बांधीकडे वळू नये.