चार सप्टेंबरचे मास्तर

शिक्षक दिन आला की दहावीची मुलेमुली एका दिवसाचे सर आणि बाई होतात, मुलींच्या साड्यांना पिना लावण्यात घरोघरच्या आयांची सकाळ जाते आणि फुलवाले एका गुलाबाला दोन गुलाबांचे पैसे घेतात. त्याच्या आदला दिवस मात्र कोराच जातो. तो तसा जाऊ नये असे आम्हाला वाटते. ५ सप्टेंबर हा शिक्षक दिन म्हणून पाळायला सुरुवात झाली १९६२ साली. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्रपती झाले होते. आणि त्या पहिल्या शिक्षक दिनाच्या बरोबर आदल्या दिवशी, ४ सप्टेंबर १९६२ रोजी, जकार्तामध्ये एका शाळामास्तराच्या मुलांनी आशियाई क्रीडा स्पर्धेतले फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. मास्तरांचे नाव सय्यद अब्दुल रहीम, राहणार हैदराबाद. फुटबॉलवाले त्यांना रहीम साब म्हणत.

२०२४ मध्ये त्यांच्यावर 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट आला आणि बऱ्याच जणांना हे नाव तेव्हा पहिल्यांदा कळले. चित्रपटाने त्यांच्या आयुष्यातली १९५२ ते १९६२ ही दहा वर्षे घेतली. ते योग्यच, कारण जकार्ताचे सुवर्ण तिथे आहे. पण आमचे कुतूहल त्याच्या आधीच्या वर्षांत जास्त आहे. १९०९ साली जन्मलेला, उस्मानिया विद्यापीठाचा हा पदवीधर काचीगुड्याच्या मिडल स्कूलमध्ये मास्तर झाला, पुढे चादरघाटच्या हायस्कुलातही त्याने शिकवले, आणि मधल्या काळात शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. हैदराबाद हे काही लहान गाव नव्हे. पण शाळेचे मैदान कुठल्याही शहरात गावाएवढेच असते. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि कोणाचा बाप काय करतो हे मास्तरांना सांगावे लागत नाही.

१९४३ पासून रहीम हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले आणि पोरासोरांच्या स्पर्धा भरवू लागले. त्या स्पर्धांचे नियम ऐकले की हा माणूस मुळात कोण होता ते कळते. एका स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी. चेंडू आला की पायात घोळवायचा नाही, लगेच पुढच्याला द्यायचा. दुसऱ्या स्पर्धेत ज्या पायाने सवय आहे तो पाय वर्ज्य. उजव्या पायाच्या मुलाने डाव्यानेच खेळायचे. गल्लीत फुटबॉल खेळलेल्या कोणालाही या नियमांची मेख लक्षात येईल. आपल्याकडे ज्याच्या पायात चेंडू आला त्याला तो वडिलोपार्जित इस्टेट वाटतो. चौघांना चकवून पाचव्याला देईपर्यंत समोरचा बचाव जागेवर येऊन चहा पिऊन झालेला असतो. यावर पोरांपुढे भाषण देऊन उपयोग नसतो, रहीम यांनी ते दिलेही नसावे. त्यांनी नियमच असा केला की दुसऱ्याकडे बघितल्याशिवाय खेळताच येऊ नये. डाव्या पायाचेही तेच. लिहिणाऱ्याच्या उजव्या हातातली पेन्सिल काढून डाव्यात दिली की तो पहिलीतल्यासारखे गिरगटतो, त्याला स्वतःचीच लाज वाटते आणि मग हळूहळू अक्षर वळते. हवी ती गोष्ट मुलाच्या हातून काढून घ्यायची आणि उरलेल्यात त्याला काय सापडते ते बघत बाजूला उभे राहायचे, ही युक्ती वर्गात घासलेल्या माणसाची आहे. परदेशी पुस्तकातून आलेली असती तर तिला एखादे भारदस्त नाव तरी असते.

ही युक्ती मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिली. रहीम यांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे रोव्हर्स चषक नेला. ही स्पर्धा तेव्हा मुंबईत कूपरेजवर भरे.

राष्ट्रीय संघाचे मास्तर म्हणून त्यांचे प्रगतिपुस्तक मात्र एकसारखे चढते नव्हते. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला १-० ने हरवून सुवर्ण, आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १०-१. आपले बरेच खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते. असा निकाल लागल्यावर दुसरा कोणी मुलांना दोष देऊन मोकळा झाला असता. चार वर्षांनी मेलबर्नला भारताने ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी ४-२ ने हरवले. मूळचा गोव्याचा आणि मुंबईत खेळणारा नेव्हिल डिसोझा याने त्या सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आपण त्याच्या पुढे कधी गेलो नाही.

त्याच मेलबर्नच्या संघात तुलसीदास बलराम नावाचा कोवळा पोरगा होता. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा, घरची गरिबी. रहीम यांनी त्याला हेरले आणि हैदराबादला सरावाला ये म्हणाले. रोज एवढ्या लांब येण्याजाण्याचे पैसे कुठून आणू, असे तो म्हणाला. सायकल येते का, असे मास्तरांनी विचारले आणि भाड्याची सायकल घेण्यासाठी पैसे दिले, ही आठवण बलराम यांनी म्हातारपणापर्यंत सांगितली. २०२३ मध्ये ते गेले. देशाने पाहिलेल्या सर्वोत्तम आघाडीपटूंपैकी एक त्या भाड्याच्या सायकलवरून आला, हे सायकलच्या दुकानदाराला बहुधा कधी कळले नसेल.

जकार्ताची कहाणी पुष्कळदा सांगितली गेली आहे, म्हणून थोडक्यात. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. त्यावर भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि जकार्तातले वातावरण भारतीयांविरुद्ध पेटले. आपल्या वकिलातीवर जमाव चालून गेला. गटातल्या पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० ने हरवले होते, आणि अंतिम सामन्यात पुन्हा तेच समोर. जर्नेल सिंग या बचावपटूच्या डोक्याला टाके पडलेले. डोक्यावर चेंडू घेणे हेच ज्याचे काम, त्याच्या डोक्याला टाके! रहीम यांनी त्याला बाकावर न बसवता उपांत्य सामन्यापासून आघाडीला नेले. वर्गात मागच्या बाकावरचा दांडगा मुलगा पहिल्या बाकावर आणून बसवावा तसे. तिथे त्याने गोल केला. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री मास्तरांनी मुलांकडे एक भेट मागितली, उद्या मला सोने द्या म्हणाले, असे ते खेळाडू सांगत आले. दुसऱ्या दिवशी सुमारे लाखभर प्रेक्षकांच्या हुर्योत सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी आणि विसाव्या मिनिटाला तोच जर्नेल. निकाल २-१.

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने रहीम गेले. वय त्रेपन्न. त्यानंतर आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे एकच पदक मिळाले, १९७० चे बँकॉकचे कांस्य.

एक मास्तर गेला म्हणून देशाचा फुटबॉल बसला, असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. बाकीचे जग पुढे गेले, आपल्या संघटना आपापसांत भांडत राहिल्या, ही कारणे मोठी आहेत. पण ज्या कारखान्यातून बलराम निघाला त्या कारखान्याचे, म्हणजे शाळेच्या मैदानाचे, आपण काय केले हे विचारायला शिक्षक दिनाचा मुहूर्त वाईट नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवे असे लिहिले आहे, खेळाचे साहित्य हवे असेही आहे. सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी एक निदेशक मिळतो. कसा? अंशकालीन. म्हणजे कायद्यानेच ठरवून टाकले की गणिताला पूर्ण माणूस आणि पळण्याला माणसाचा तुकडा. वेळापत्रकात पी. टी. चा तास असतो, पण घटक चाचणी आली की तो सगळ्यात आधी बळी जातो, आणि त्याची तक्रार पालकही करत नाहीत. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींनी फुटबॉल अंगाखांद्यावर वाढवला, तिथला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. सगळ्या गावांना तशा तालमी नसतात. तिथे जे काय असते ते एक सर असतात.

आमच्या तालुक्याच्या गावात होते. शिकवायचे भूगोल, ओळखले जायचे शिट्टीवरून. शाळेला फुटबॉल संघ असावा असे त्यांच्याखेरीज कोणालाच वाटत नव्हते, मैदानाच्या एका कोपऱ्यात चिंच होती आणि ती आमचा पाचवा बचावपटू होती. तेव्हा चेंडू चामड्याचा, आत रबरी ब्लॅडर. तो पंक्चर झाला की सर स्वतः सायकलच्या दुकानात जाऊन ठिगळ मारून आणत, पुन्हा आत सारून हवा भरत आणि चामड्याची वादी दाताने ओढून गाठ मारत. ती गाठ कपाळावर लागली की दिवसभर तिचा ठसा राही. ज्याच्या कपाळावर ठसा, त्याने आज डोक्याने खेळायचे धाडस केले, हे साऱ्या वर्गाला दिसे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की फक्कीची बादली घेऊन ते रेघा आखायला लागत. एक टोक आमच्या हातात, सुतळीचे दुसरे त्यांच्या. रेघ वाकडी झाली तर आम्हालाच विचारत, ही कुठली नदी? भूगोल असाही होई.

ते फार जिंकवणारे नव्हते. जिल्ह्याच्या पुढे आम्ही एकदाच गेलो आणि तिथे सहा गोल खाऊन आलो. परतीच्या एस.टी.त सर काही बोलले नाहीत, फक्त स्टँडवर प्रत्येकाला वडापाव घेऊन दिला आणि आपला घेतला नाही. पैसे संपले होते, हे आम्हाला कळायला वीस वर्षे लागली.

ते निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ, भाषणे सगळे रीतसर झाले. नंतर त्यांनी खेळाच्या कपाटाची किल्ली नव्या शिक्षकांना दिली आणि सोबत एक जुनी वही. आम्ही त्या दिवशी मुद्दाम गावी गेलो होतो, वही चाळायला मिळाली. आम्हाला वाटले डावपेच असतील. त्यात मुलांची नावे होती आणि पुढे पायाची मापे. वर्षाला शाळेकडे बुटांचे मोजके जोड, पोरांचे पाय मात्र दर पावसाळ्यात वाढणारे. म्हणून एकाचा जोड आखूड झाला की तो कोणाला जाईल, त्याचा हिशेब सरांनी इतकी वर्षे ठेवला होता. नाव, माप, बाण, पुढचे नाव. कोणत्या घरात नवा बूट येणार नाही हे त्या बाणांवरून सरळ वाचता येत होते. आमचेही नाव सापडले. पुढे तीन मापे, पहिली दोन खोडलेली. तिसऱ्यापुढे बाण नव्हता. तिथे सरांच्या बारीक, तिरक्या अक्षरात लिहिले होते : परत आले नाहीत.