दुर्मिळ नाणे आणि साधा हिशोब



आपल्या घरात सोने असते ते अर्धा-एक तोळा. पै-पै साठवून घेतलेले आणि अडीनडीला मोडण्यासाठी ठेवलेले. अशा घरात कुणी येऊन सांगू लागला, “हे सोन्याचे नाणे फारच थोडे काढले आहे, आज घ्या, उद्या दहापट होईल,” तर काय करावे? उत्तरासाठी अमेरिकेतील एका नाण्याचा हिशोब मांडू.

जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू. बेसबॉल म्हणजे तिकडे आपल्या क्रिकेटइतका लाडका खेळ. पण वरच्या दर्जाच्या संघांत कित्येक दशके काळ्यांना प्रवेश नव्हता. त्यांनी वेगळ्या संघांत खेळायचे. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि ते बंद दार उघडले. शिव्या, धमक्या सोसून तो खेळत राहिला. या घटनेला पन्नास वर्षे झाली म्हणून १९९७ साली अमेरिकन सरकारने त्याच्या नावाने चांदीचे एक डॉलरचे आणि सोन्याचे पाच डॉलरचे नाणे काढले. विक्रीत प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे ३५ डॉलर जादा घेतले जात. ते त्याच्या नावाने मुलांना शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेसाठी होते.

सोन्याची नाणी १ लाखापर्यंत पाडण्याची परवानगी होती. खपली किती? आरशासारखी चकचकीत २४,०७२ आणि साधी फक्त ५,१७४!

असे का व्हावे? माणूस छोटा होता म्हणून नव्हे. १९९५-९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकच्या नावाने टाकसाळीने तब्बल १६ प्रकारची नाणी काढली होती, तीही प्रत्येकी दोन रूपांत. शौकिनांचे खिसे रिकामे झाले, मन विटले. शेवटी १९९९ पासून वर्षाला दोनच विषयांवर स्मारक नाणी काढावीत, असा कायदा करावा लागला.

आता किंमत पाहा. नाण्याचे वजन ८.३५९ ग्रॅम, त्यात ९० टक्के सोने. म्हणजे शुद्ध सोने साडेसात ग्रॅम. १९९७ च्या भावाने ते साधारण ८० डॉलरचे होते, पण विक्रीची किंमत त्याच्या दुपटीहून जास्त. पुढे संग्राहकांच्या लक्षात आले की पाच डॉलरच्या सोन्याच्या नाण्यांचा संच पुरा करायचा तर हे साधे नाणे हवेच. मग भाव हजारो डॉलरवर चढला. आणि नंतर पुष्कळ खालीही आला.

मग थोडी नाणी म्हणजे हमखास फायदा? तसेही नाही. २००७ पासून त्याच टाकसाळीने राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींच्या नावाने अर्ध्या औंसाची सोन्याची नाणी काढली. पुढच्या काळातली कित्येक साधी नाणी तीन हजारसुद्धा खपली नाहीत. रॉबिन्सनच्या नाण्याहून दुर्मिळ, तरी त्यांतल्या बऱ्याच नाण्यांना सोन्याच्या भावाहून फार जास्त मिळत नाही. कारण माल थोडा असून भागत नाही, मागणाराही हवा. आणि मागणाऱ्याचे मन आज आहे, उद्या नाही.

म्हणून नाणे घेताना तीन गोष्टी विचारा. शुद्ध सोने किती ग्रॅम? आजच्या भावाने त्याचे किती होतात? आणि हाच विकणारा परत कितीला घेईल, हे लेखी देतो का? सोन्याच्या किमतीवर जो पैसा जातो तो शौकाचा. शौक करायला हरकत नाही, पण त्याला बचत म्हणू नये. बचतीच्या पैशाने शौक करणे गरिबाला परवडत नाही.

जपायचेच असेल तर आपल्याकडेही नाणे आहे. १९९० साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेले एक रुपयाचे. ते सोन्याचे नाही आणि ते लोकांच्या हातोहात फिरले. जुन्या डब्यात सापडले तर मुलांना दाखवा, त्यामागचा इतिहास सांगा. आणि सोन्याइतका पैसा साठलाच, तर आधी मुलीच्या फीची पावती फाडा. रॉबिन्सनच्या नाण्यामागचे ३५ डॉलरही शिक्षणासाठीच होते, हे ध्यानात असू द्या.