सोळा हंगामांची साथ सुटली

नेदरलँड्सचा मोटोक्रॉसपटू जेफ्री हर्लिंग्स २०१० पासून केटीएमवरच धावला आणि पाच जागतिक अजिंक्यपदे त्याने याच कंपनीला मिळवून दिली. २०२६ च्या हंगामासाठी मात्र त्याने होंडाची वाट धरली. होंडाकडे पाच अजिंक्यपदे जिंकलेला टिम गायसर त्याच सुमारास यामाहाकडे गेला.

केटीएमने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. २०२५ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने ८० कोटी युरोंचे साहाय्य उभे करून तिला तारले. म्हणून 'बुडत्या जहाजातून उडी' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु अमेरिकेचा एली टोमॅक याच काळात यामाहा सोडून केटीएमकडे आला, हे त्यात बसत नाही.

निष्ठेपेक्षा अवघड प्रश्न सवयीचा आहे. केटीएमची चौकट पोलादी, होंडाची ॲल्युमिनियमची. खड्ड्यांतून आणि वाळूतून जाताना दोन्ही गाड्या हाताला वेगळ्या लागतात. सोळा हंगामांत अंगात मुरलेले अंदाज एकतिसाव्या वर्षी नव्याने बसवायचे, ही जोखीम करारातील रकमेने कमी होत नाही. चाकणला केटीएमच्या मोटारसायकली तयार होतात. तेथील कामगारांना मात्र हर्लिंग्सपेक्षा कंपनीचा ताळेबंदच अधिक जवळचा वाटेल.