घरातला बॉस कोण?
घरात एकाहून जास्त कुत्री असली की पाहुणे हमखास विचारतात, ‘यांच्यात बॉस कोण?’ आमच्याकडे ते वेळेवर अवलंबून असतं. जेवणाच्या वेळी गावठी चंपी. तिच्या वाडग्याकडे नुसतं पाहिलं तरी वरचा ओठ एका बाजूने, आवाज न करता, उचलला जातो आणि तिच्या दुप्पट वजनाचा लॅब्रडॉर मोती लगेच भिंत न्याहाळू लागतो. (वाडगे तीन कोपऱ्यांत ठेवतो ते उगाच नाही.) खिडकी मात्र राणीची. ती कारवानी, दख्खनच्या माळावर सशामागे धावण्यासाठी जोपासलेल्या जातीची. पण मोतीने सोफ्यावरून ढकललं तर मुकाट उतरते. दिवाळीत पहिला सुतळी बॉम्ब वाजला की चंपीची मिजास पलंगाखाली जाते आणि तेव्हा तिला सोबत लागते ती मोतीचीच. लांडग्यांच्या कळपात एक ‘अल्फा’ सगळ्यांना दाबून ठेवतो आणि कुत्र्यांचंही तसंच, ही समजूत प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७च्या निबंधातून पसरली. त्यांनी पाहिलेले लांडगे बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. ही समजूत लोकप्रिय करणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच पुढे १९९९मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं. तरी कुत्र्याला उताणं पाडून ‘मालक कोण ते दाखवा’ सांगणारे प्रशिक्षक अजून आहेतच. माझ्या मते ही निव्वळ दादागिरी. असे एक गृहस्थ आमच्याकडेही आले होते. चंपीने त्यांना चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत.