पंखा ‘डायरेक्ट’ करावा का?

सेकंड हँड ड्यूक किंवा पल्सर एनएस २०० घेताना टायर, चेन, कागदपत्रं सगळं निरखून पाहिलं जातं. रेडिएटरमागचा पंखा मात्र सुटतो. ट्रायलला गाडी पळत असते आणि पळत्या गाडीला समोरचा वारा पुरतो. पंख्याची गरज पडते ती मे महिन्यात, हिंजवडीच्या संध्याकाळच्या कोंडीत. इंजिनचं तापमान चढतं, रिझर्व्ह बाटलीतून कूलंट बाहेर येतं आणि तेव्हा कळतं की पंखा फिरतच नाही.

मग दोन सल्ले मिळतात. सर्व्हिस सेंटर म्हणतं, अख्खी असेंब्ली बदला. नाक्यावरचा मेकॅनिक म्हणतो, कशाला खर्च करता, डायरेक्ट करून देतो. हँडलला बटण, गाडी तापली की दाबायचं.

या बटणाला नाकं मुरडणं सोपं आहे. पण जुन्या गाडीच्या मालकाचा खिसा पाहता तो सल्ला अगदीच टाकाऊ नाही. वायर बॅटरीवरून घेताना मध्ये फ्यूज टाकला आणि बटण इग्निशनमागे जोडलं, तर आठवडाभर काम भागतं. फ्यूज नसेल तर शॉर्ट झालेली वायर जळू शकते. इग्निशनमागे नसेल तर विसरलेला पंखा सकाळपर्यंत बॅटरी उतरवतो. आणि माणूस विसरतोच. गाडी तापल्यावर बटण दाबायलाच विसरला, तर हेड गॅस्केटवर बेतू शकतं, आणि त्या खर्चाच्या मानाने पंखा कितीतरी स्वस्त पडला असता.

मला खटकतं ते वेगळंच. पंखा का बंद पडला, हे दोघांपैकी कुणीच बघत नाही. पंख्याचा कपलर काढून दोन वायरींनी थेट बारा व्होल्ट द्यावेत. फिरला, तर मोटर शाबूत; दोष फ्यूज, रिले, सेन्सर किंवा प्रेशर वॉशरच्या पाण्याने हिरव्या पडलेल्या कपलरच्या पिनांत. त्यासाठी असेंब्ली बदलणं म्हणजे पैसे वाया. नाहीच फिरला, तर मोटर गेली. मग बटण लावूनही काय होणार? अशा वेळी नाना पेठेतून नवा पंखा आणणंच बरं. जुन्या बाजारातला घ्यायचा तर तिथेच बॅटरीवर फिरवून घ्यावा.

पंखा ठणठणीत असूनही गाडी तापत असेल, तर रेडिएटरच्या जाळीतला चिखल आणि आधीच्या मालकाने कूलंटऐवजी ओतलेलं बोअरचं पाणी, यांचा संशय आधी घ्यावा. झाकण मात्र इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडायचं.

माझं मत असेंब्लीच्याही आणि कायमच्या बटणाच्याही विरोधात, आधी तपासणीच्या बाजूने. तात्पुरतं बटण चालेल, पण गाडी विकताना ते सांगितलं पाहिजे. घेणाऱ्यानेही टोकन देण्याआधी गाडी जागेवर चालू ठेवून पंखा आपोआप लागतो का ते बघावं. तेवढा वेळ द्यायला विकणारा तयार नसेल, तर भाव पाडायला हरकत नाही.